जुन्या मोटारीचे मोल आणि जतनाचे श्रम

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



एखाद्या सधन गृहस्थाने पाऊणशे वर्षांपूर्वीची, उत्तम जतन केलेली स्पोर्ट्स मोटार खरेदी केली, तर समाजवादी कार्यकर्त्याने त्याविषयी कोणती भूमिका घ्यावी? हा प्रश्न परभणी जिल्ह्यात उपस्थित करणे प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडीवाटेवर बैलगाडीचे चाकही रुतून बसते, तेथे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर पोट असलेली, दोनच माणसांना पुरणारी मोटार घेऊन कोणी जाणार कोठे? मानवतच्या बाजारात कापसाचे एक गाठोडे न्यायचे म्हटले तरी ते तिच्यात मावायचे नाही. परंतु ही मोटार कोठे जाईल, हा प्रश्नच नव्हे. तिची किंमत कोठून येते, ती कोण देतो आणि त्या किमतीपुढे कायदा कसा वागतो, हा प्रश्न आहे. आणि त्याचा धागा जिंतूरच्या डोंगराळ भागात वीस-पंचवीस वर्षांची जुनी जीप चालवणाऱ्या माणसापर्यंत येऊन पोचतो.

चैनीचा निषेध करणे सोपे असते. त्याने टाळ्याही मिळतात. २१ ऑगस्ट १९६३ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत भाषण केले, आणि देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात हा हिशेब मांडून पंतप्रधानांवर होणाऱ्या दैनिक खर्चाशी त्याची तुलना केली. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला आणि त्यातून तो प्रसिद्ध वाद झाला. त्या वादाचे बळ संतापात नव्हते, अंकगणितात होते. जुन्या मोटारीविषयी बोलतानाही हीच शिस्त पाळावी लागेल. शिवाय छंद हा गुन्हा नव्हे. यंत्रावर प्रेम करणारा माणूस, मग तो मालक असो वा मिस्त्री, समाजाचा शत्रू ठरत नाही. जुने इंजिन पहिल्याच हातात सुरू झाल्यावर जो आनंद होतो तो निर्मळ असतो, आणि तो नाकारणारी विचारसरणी माणसांना फार काळ जवळ ठेवू शकणार नाही.

तेव्हा प्रथम वस्तू पाहू. उदाहरणादाखल इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी ही मोटार घ्यावी. साडेबाराशे घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, तारांच्या आऱ्यांची चाके, ॲश जातीच्या लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. अशा सुमारे दहा हजार मोटारी बनल्या. राजेरजवाड्यांसाठी ती नव्हती. महायुद्धातून परतलेल्या तरुणांना परवडावी अशी ती होती. आज तिला जी किंमत येते तिचा त्या मूळ किमतीशी संबंध उरलेला नाही. लोखंड तेच, लाकूड तेच. उलट दोन्ही पाऊणशे वर्षे झिजलेले. पोचवण्याच्या सोयीच्या दृष्टीने पाहिले तर कोणतीही साधी नवी मोटार तिच्याहून सरस. मग किंमत वाढली ती कशाची?

डेव्हिड रिकार्डोच्या १८१७ सालच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात, अगदी पहिल्याच प्रकरणात, या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते बहुतेक विद्यार्थी घाईने वाचून पुढे जातात. वस्तूचे मूल्य तिच्यावर खर्ची पडलेल्या श्रमावर ठरते, हा सिद्धान्त मांडताना रिकार्डो एक अपवाद बाजूला काढतो. दुर्मिळ पुतळे आणि चित्रे, विरळ पुस्तके आणि नाणी, विशिष्ट मातीतच पिकणाऱ्या द्राक्षांची मद्ये, अशा वस्तूंची संख्या कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाही. म्हणून त्यांचे मूल्य श्रमावर ठरत नाही. ती मिळवू इच्छिणाऱ्यांची संपत्ती आणि त्यांची आवड यांनुसार ते चढते-उतरते. रोजच्या बाजारातील व्यवहारांत अशा वस्तूंचा वाटा नगण्य आहे, असे म्हणून रिकार्डो पुढे जातो.

गंमत अशी की, जुन्या मोटारींना लावला जाणारा ‘व्हिंटेज’ हा शब्दही मूळचा द्राक्षाच्या हंगामाचाच आहे. इंग्लंडमध्ये १९३४ साली ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला आणि १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींनाच हे नाव द्यावे असे त्याने ठरवले. त्या हिशेबाने वर सांगितलेली एमजी ‘व्हिंटेज’ ठरतच नाही. पण बाजार इतके बारकावे पाळत नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तो क्लब धनिकांनी काढलेला नव्हता. फारशी ऐपत नसलेल्या हौशी लोकांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मोटारी पळवाव्यात, हा त्यामागील हेतू. जी वस्तू कोणाला नको होती म्हणून गरीब हौशीला मिळत होती, तीच पुढे श्रीमंतांची तिजोरी बनली. १९५५ साली दोनच बनलेल्या मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे मोटारींपैकी एक मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली. आजवर कोणत्याही मोटारीला तोपर्यंत इतकी किंमत आलेली नव्हती. रिकार्डोने नगण्य म्हणून बाजूला सारलेला अपवाद आता भांडवलाचे आश्रयस्थान झाला आहे.

थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले. ते येथे लागू पडते, पण पुरे पडत नाही. जुनी मोटार घेणारा केवळ मिरवत नाही, तो साठवतो. जमीन वाढवता येत नाही म्हणून जमिनीचा खंड वाढतो, तसेच हे आहे. गावाजवळून मोठा रस्ता गेला की नांगर न लावता शेताचा भाव चढतो, हे परभणीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मोटारीचा मालकही तसाच झोपेत श्रीमंत होत असतो.

तरीही जमीन आणि मोटार यांत एक मोठा फरक आहे, आणि या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे. जमीन पडून राहिली तरी जमीनच राहते. मोटार पडून राहिली की मरते. टाकीत गंज धरतो, रबर कडक होते, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतात, लाकडी सांगाड्याला वाळवी लागते. मराठवाड्याचा उन्हाळा तर कातडी आसने दोन वर्षांत तडकवून टाकतो. ‘उत्तम जतन केलेली मोटार’ या जाहिरातीच्या चार शब्दांमागे कोणीतरी रोज पुसलेला पत्रा असतो, दर पंधरवड्याला फिरवलेले इंजिन असते, वेळेवर बदललेले तेल असते. जतन हा गुण मोटारीचा नव्हे. ते काम आहे, आणि ते काम मालकाने क्वचितच केलेले असते.

या ठिकाणी इतिहासाकडे वळावे लागते, कारण भारतातील नामांकित जुन्या मोटारी बहुतांशी संस्थानिकांच्या तबेल्यांतून आल्या आहेत, आणि परभणी जिल्हा १९४८ पर्यंत सर्वांत श्रीमंत संस्थानाचा भाग होता. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात रोल्स-रॉइस कंपनीची सिल्व्हर घोस्ट मोटार ठेवलेली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली गेली, आणि ते १९११ मध्ये निवर्तले. लंडनच्या बार्कर कंपनीने बांधलेल्या या फिकट पिवळ्या मोटारीत मागे सिंहासनासारखे उंच आसन आहे. ती समारंभांपुरतीच बाहेर निघे आणि एकंदरीत फारच थोडी चालली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची तर काटकसरीबद्दलच ख्याती होती, आणि त्याच वेळी १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले.

ही मोटार परभणीच्या ज्वारीवर चालत होती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हिशेबनीस माणसाने तसे म्हणू नये. संस्थानातील सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी म्हणजे सरकारी, ३० टक्क्यांच्या आसपास जहागिऱ्यांची आणि साधारण १० टक्के सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी होती. कोणत्या शेताचा सारा कोणत्या खर्चास गेला, हे वहीत बोट ठेवून दाखवता येणार नाही. परंतु एवढे निश्चित दाखवता येते की, सारा भरणारी रयत हाली सिक्क्यात भरत होती, ब्रिटिश हिंदुस्थानच्या सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये पडत होते, आणि लंडनच्या कारखानदाराचे देणे पौंडांत होते. सारा, हाली, कलदार, पौंड, मोटार अशी ही साखळी. तिच्या एका टोकाला रस्ता नव्हता आणि दुसऱ्या टोकाला रस्त्यावर फारशी न उतरणारी मोटार होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास शासनाकडे आले, जहागिऱ्या संपल्या. मात्र निजामांना वर्षाला ५० लाखांचा तनखा आणि सर्फ-ए-खासच्या बदल्यात आणखी २५ लाख मंजूर झाले. कुळाला हक्क मिळवण्यासाठी १९५० चा कुळकायदा आणि त्यापुढे कचेरीच्या वर्षानुवर्षांच्या खेपा लागल्या.

स्पोर्ट्स मोटारींचा खरा दर्दी म्हणायचा तर तो इंदूरच्या मराठी राजघराण्यात होता. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ड्यूसनबर्ग कंपनीचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनी अंग बांधवून घेतले. रंग नारिंगी आणि काळा. ती कंपनी १९३७ मध्ये बंदच पडली. मोटार मात्र जगली, आणि पुढे अमेरिकेला गेली. रसिकतेच्या दृष्टीने होळकरांची निवड अव्वल होती यात शंका नाही. पण जगभरच्या पुस्तकांत मोटारीच्या वंशावळीत महाराजांचे नाव येते, बांधणाऱ्या कंपनीचे येते, पुढच्या प्रत्येक खरेदीदाराचेही येते. इंदूरच्या गॅरेजमध्ये ती धुणाऱ्या-पुसणाऱ्यांचे नाव कोठेही येत नाही.

१९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. त्याच्या आगेमागे संस्थानिकांनी, त्यांच्या वारसांनी आणि मधल्या दलालांनी अनेक मोटारी परदेशी धनिकांना पडत्या भावाने विकल्या. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले तोवर बरेच काही निघून गेले होते. मोटार हे राष्ट्राचे धन आहे, हे तिला बाहेर गिऱ्हाईक मिळाल्यावर ध्यानात आले!

आता आजच्या कायद्याकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांचा ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. मूळ स्वरूप टिकलेले असावे, सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीस २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पुढील नोंदणीस ५ हजार. रोजच्या वा व्यापारी वापरासाठी ती रस्त्यावर आणता येणार नाही. नियम म्हणून यात वावगे काही नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. त्याप्रमाणे व्यापारी वाहनाने पंधरा आणि खासगी वाहनाने वीस वर्षांनंतर तपासणीस उभे राहावे, आणि नापास झाल्यास भंगारात जावे. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले, आणि हे नूतनीकरण पाच वर्षांचे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी वाहनास हरित कर लागतो तो वेगळा. दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या दहा वर्षांत जुन्या जीपचा मालक आणि व्हिंटेज मोटारीचा मालक, दोघेही २० हजारच भरतात. पुढच्या दहा वर्षांत मात्र जीपवाला पुन्हा २० हजार भरतो आणि मोटारवाला ५ हजार.

यावर उत्तर असे दिले जाईल की, जीप रोज धूर सोडते आणि व्हिंटेज मोटार वर्षातून चार वेळा बाहेर पडते. उत्तर खरे आहे, आणि प्रदूषण ही काही श्रीमंतांनी उठवलेली हूल नव्हे. त्या धुराने खोकणारी मुले गरिबांचीच आहेत. पण या उत्तरातून दुसरीच गोष्ट उघडी पडते. जीप रोज धूर सोडते, कारण ती रोज आजाऱ्याला दवाखान्यात, बियाण्याची पोती शेतावर आणि मास्तरांना शाळेवर पोचवते. जी राबते तिचे वय हा दोष ठरतो, आणि जिला राबावे लागत नाही तिचे वय हा वारसा. वीस ते पन्नास वर्षांच्या मधला काळ ज्या वाहनाने काम न करता काढला, तेच वाहन सन्मानास पात्र. त्या मधल्या तीस वर्षांचे भाडे ज्याला परवडते त्याच्याच वाहनाला हा मान मिळू शकतो.

करांच्या बाबतीत तर हा विरोधाभास न्यायालयातच जाऊन पोचला. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूंच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नसे. दागिने त्यातून वगळलेले होते, पुढे चित्रे-शिल्पेही वगळली गेली. मोटार मात्र त्या वगळलेल्या यादीत आली नाही. एका करदात्याने १९३१ सालची फोर्ड टूरर मोटार १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी २१ लाखांना विकली. ती वैयक्तिक वापराची होती असा दावा केला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ मध्ये निकाल करदात्याच्या विरुद्ध लागला: वस्तू वापरण्याजोगी असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा हवा. न्यायालयाची दृष्टी अचूक होती. किंमत मिळवायची तर मोटार वापरलेली नको, करसवलत मिळवायची तर वापरलेली हवी. मालकाला एकाच मोटारीकडून दोन्ही साक्षी हव्या असतात. अर्थात, करदाता येथे हरला म्हणून व्यवस्था सुधारली असे नव्हे. १९५७ च्या संपत्ती कर कायद्यात मोटारींचा करपात्र मालमत्तेत समावेश होता. तो करच २०१५ च्या अंदाजपत्रकाने रद्द केला.

मग अशा मोटारी शासनाने ताब्यात घ्याव्यात काय? हा मार्गही आंधळेपणाने सुचवू नये. निजामाच्या जवाहिरांचे १७३ नग भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपये देऊन विकत घेतले. ते देशाबाहेर गेले नाहीत, हे चांगलेच झाले. पण त्यानंतर ते बहुतांश काळ रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत राहिले; २००१, २००७ आणि २०१९ अशा मोजक्या प्रदर्शनांतच लोकांनी ते पाहिले. हिरा निदान तिजोरीत खराब होत नाही. मोटार सरकारी गोदामात गेली, तर दहा वर्षांत तिचे भंगार होईल, कारण गोदामाला मिस्त्री नसतो. खासगी मालकाच्या हौसेने का होईना, पण ज्या मोटारी चालत्या राहिल्या, त्या त्यामुळेच राहिल्या, हे मान्य करण्यात कोणाचाही सिद्धान्त बुडत नाही.

मागणी वेगळी असावी. व्हिंटेज म्हणून जो मालक कायद्याची सवलत घेतो, त्याने वारशाचा दावा केलेला आहे. आणि वारसा एकट्याचा नसतो. वर्षातून काही ठरावीक दिवस ती मोटार लोकांना पाहण्यास आणि विद्यार्थ्यांना शिकण्यास खुली असावी, ही अट नोंदणीतच घालता येईल. चित्रे-शिल्पे ज्या न्यायाने भांडवली नफ्याच्या करात आली, त्याच न्यायाने व्हिंटेज वर्गात नोंदलेली मोटारही यावी. आणि नोंदणीच्या पुस्तकात मालकाच्या नावाबरोबर तिचे काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव आणि केलेले काम नोंदले जावे. बाजार आजही इंजिन आणि सांगाडा यांचे मूळ क्रमांक जुळतात की नाही हे बारकाईने तपासतो व त्यावर किंमत ठरवतो. क्रमांकाला एवढे महत्त्व असेल, तर हाताला का नसावे?

ही शेवटची सूचना भाबडी वाटेल, पण तिला व्यवहाराचा आधार आहे. बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतून घासणे, आऱ्यांचे चाक सरळ करणे, लाकडी सांगाड्यावर पत्रा हाताने ठोकून बसवणे, दोन कार्ब्युरेटर कानाने ऐकून जुळवणे, ही कौशल्ये संपत चालली आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांसमोर आज इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणेची इंजिने असतात, आणि तेच योग्य आहे. पोट त्यावरच भरणार. परंतु ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे परभणी-गंगाखेडच्या रस्त्याकडेला जीप आणि ट्रॅक्टरची इंजिने उतरवली, रिंग-पिस्टन बदलले, सुटा भाग मिळेना तेव्हा लेथवर तो घडवून घेतला, त्या मिस्त्रींच्या हातात जतनाची ही विद्या अजून आहे. शहरातील मोटारमालक तिच्यासाठी वाटेल ती मजुरी मोजतात, पण ती मजुरी मधल्या मोठ्या गॅरेजवाल्याकडे जाते. जिल्ह्यातील अशा मिस्त्रींची यादी करून त्यांना प्रशिक्षण संस्थेत मानधनावर शिकवण्यास बोलवावे, एवढा एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे या अभ्यासवर्गाच्या वतीने देता येईल. यादीचे काम तालुक्यावार वाटून घेतले, तर महिनाभरात होण्यासारखे आहे. जिंतूर, सेलू आणि पाथरी येथील कार्यकर्त्यांनी प्रथम सुरुवात करावी, कारण जुन्या जीपगाड्या आणि त्या दुरुस्त करणारे हात यांची त्यांना घरची माहिती आहे.